तिन्हीसांजेचं दार

डॉ. नीमा मुशी यांचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि स्वाहिली शब्दकोशात ठेवून दिलं. पुढे शब्दकोश उघडायचीच चोरी झाली. एखादा शब्द अडला की मी केतकीला विचारायचो. ती म्हणायची, "बाबा, कोश हाताशी आहे ना? बघा की." मग मी शब्दावाचूनच राहायचो.

पत्रात माझ्याकडे एक परवानगी मागितली होती. माझ्या अंगाचा वास, म्हणजे पूर्वी माझ्या अंगाला असलेला वास, वस्तीतल्या प्रत्येक दाराशी टांगायची परवानगी.

असं एकदम सांगितलं तर थट्टा वाटेल. जरा मागून सांगतो. ते तरी नीट जमेल की नाही, कोण जाणे. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवण्याचं काम केलं. सावंतवाडीच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. टेबलाच्या मागे बसायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं, ही नोकरी मला मानवली. नीलिमा, माझी बायको, गेली तेव्हा मुलगी केतकी मला टांझानियात घेऊन आली. ती टांगा नावाच्या गावी बंदरावर इंजिनिअर आहे. इथे नारळ आहेत, काजू आहेत, आंबे आहेत, घामही आपल्याकडचाच. आणि डास.

मला डास फार चावतात. लहानपणी पडवीत दहा-बारा भावंडं ओळीने झोपायची आणि सकाळी पाय फक्त माझे सुजलेले असायचे. "याचं रक्त गोड," असं सगळे म्हणत. सावंतवाडीत असताना मला एकदा डेंग्यू झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की या तापाचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकाराचा पुन्हा सहसा होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो पहिल्यापेक्षा वाईट निघू शकतो. केतकीने ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. टांग्यात आल्यापासून मी उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोजे घालायचो. खिडक्यांना जाळ्या होत्या. कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे दर रविवारी कोरडा करायचो. आणि पाच वाजले की पुढचं दार बंद.

बाकी सगळं सोसलं, दार सोसेना. आमच्याकडे तिन्हीसांजेला पुढचं दार लावत नाहीत. दिवा लावायचा आणि दार सताड उघडं ठेवायचं. लक्ष्मी येण्याची वेळ ती. नीलिमाने ते जन्मभर पाळलं. ती गेल्यावर दिवा माझ्याकडे आला. बंद दारामागे तो लावताना मला वाटे, पाहुण्याला बोलावून आपण आतून कडी घालून बसलोय.

"मी दाराला जाळी बसवून घेते," केतकी म्हणाली. "लक्ष्मीला जाळीतून येता येतं, बाबा. डासांना येत नाही."

"जाळी म्हणजे दार लावल्यासारखंच गं," मी म्हणालो. माझ्या हट्टांपैकी हा एक.

मग लेप आला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही लेपच म्हणायचो. नवा होता, महाग होता आणि बंदरावर काम करणाऱ्या परदेशी लोकांच्या कुटुंबांनाच मिळत होता. तो लावण्याआधी डॉ. नीमा मुशींच्या डास-संशोधन केंद्रात तपासणी होती. चाळिशीच्या, किडकिडीत, भराभर बोलणाऱ्या बाई. त्यांच्या टेबलावर दोन फाटे असलेली जाड काचेची नळी होती. एका फाट्याच्या टोकाशी त्यांनी माझा हात ठेवायला सांगितला, दुसऱ्या टोकाशी केतकीचा. मध्ये बारीक जाळी, म्हणजे चावायची भीती नाही. मग नळीच्या बुडातून डास सोडले. ते फाट्याशी आले, क्षणभर घुटमळले आणि सगळेच्या सगळे माझ्या बाजूला वळले.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाल्या. "असा माणूस क्वचित मिळतो."

मी ओशाळलो. रक्त गोड असल्याचं सांगितलं.

"रक्ताची चव त्याला नंतर कळते. त्याला नव्हे, तिला. चावते ती मादी." त्यांनी समजावून सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं असं. डास लांबून आपला श्वास हेरतो. जवळ आला की त्याला वास लागतो. हा वास नुसत्या घामाचा नसतो. आपल्या कातडीवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. ते अंगावरचं तेल खातात आणि मागे आम्लं सोडतात, त्या आम्लांचा तो वास. प्रत्येकाच्या अंगावरचं हे पीक वेगळं. काहींच्या अंगावर डासांना आवडणारी आम्लं भरपूर तयार होतात आणि ती सवय वर्षानुवर्षं बदलत नाही. लेप लावताना हे मूळचे जिवाणू धुऊन काढतात आणि त्यांच्या जागी प्रयोगशाळेत बदललेले जिवाणू पेरतात. ते तेल खातात, पण ती आम्लं सोडत नाहीत.

"डास मरत नाही. तुम्ही त्याला दिसेनासे होता, एवढंच. म्हणून बाकीची काळजी सोडायची नाही. जाळ्या, साठलेलं पाणी, सगळं तसंच सांभाळायचं." तुमचे मूळचे जिवाणू आम्ही गोठवून ठेवतो, परत हवे झाले तर, असंही त्या म्हणाल्या.

आठवड्याने पुन्हा नळीशी हात ठेवला. या वेळी सगळे डास केतकीकडे वळले. केतकी हसली, "घ्या! माझी पाळी." मीही हसलो. नळीला दोनच फाटे असतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कुणाच्या नजरेस पडू नये, ही माझी जुनी इच्छा. ती माणसांच्या बाबतीत पुरी झाली नव्हती, डासांच्या बाबतीत झाली. त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि दार सताड उघडलं.

"होडी!" बाहेरून हाक आली. इथे दाराशी आलेला माणूस असं म्हणतो आणि आतला म्हणतो, "करिबू", या.

त्या बीबी झुहुरा होत्या. बीबी म्हणजे आजी. समोरच्या घरात एकट्या राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. टांग्यात माझ्याशी बोलणारं केतकीखेरीज हे एकच माणूस. दुपारी पाचपर्यंत आम्ही बाव खेळत असू. लाकडी पटावर खळग्यांच्या चार ओळी आणि त्यात फिरवायच्या बिया. खेळता खेळता त्या मला स्वाहिली शिकवत. म्हणजे मी चुकलो की स्वाहिलीत बोलत आणि त्याचा अर्थ इंग्रजीत सांगत. इथे आजोबाला बाबू म्हणतात, तसं त्या मला म्हणत.

"बाबू, आज दार उघडं? चोरांना आमंत्रण दिलंस का?"

"या वेळेला आमच्याकडे लक्ष्मी येते. संपत्तीची देवी."

"मग बरोबर आहे. आलेच मी." आणि पट मांडून त्या दाराशी, उजेडात बसल्या.

तेव्हापासून आमचा खेळ पाचला न मोडता अंधार पडेपर्यंत चालू लागला. रविवारी कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करायचंही माझ्याकडून राहून जाऊ लागलं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि दिवेलागणीच्या सुमाराला त्याची घाई वाढते. बीबी एका हाताने बिया टाकत, दुसऱ्याने घोटे झोडपत.

"तुझ्या देवीबरोबर तिचं सैन्यही येतं वाटतं. तुला कसे चावत नाहीत रे?"

मी लेपाचं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या वाटणीचेही मलाच! वाहवा, यजमान असावा तर असा."

आम्ही दोघंही हसलो.

पत्र आलं ते यानंतर तीनेक महिन्यांनी. डॉ. मुशींनी लिहिलं होतं की लेप लावलेला माणूस ज्या घरात आहे, तिथल्या इतर माणसांना आणि शेजाऱ्यांना डास पूर्वीपेक्षा जास्त चावतात, असं केंद्राला आढळलं आहे. डास तितकेच, त्यांची भूकही तितकीच, ताट तेवढं एक कमी. सगळ्यांना लेप पुरवणं आज शक्य नाही. पण डासांना माणसापेक्षा बरं काही दाखवता येईल. आत छोटा पंखा असलेला डबा दाराबाहेर टांगायचा. डास वासाने डब्याकडे येतात, पंखा त्यांना आत ओढतो. कृत्रिम वासाने हे थोडे दिवस साधतं, मग वास विरतो. जिवंत जिवाणूंचा वास टिकतो. आणि आमच्याकडे गोठवून ठेवलेल्यांत तुमच्याइतके डासांना आवडणारे दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

इथवर ठीक होतं. पण वस्तीच्या सभेने एक अट घातली होती. कुणाच्या अंगचं आहे हे कळल्याशिवाय आम्ही ते दाराशी टांगणार नाही, त्या माणसाने सभेत उभं राहून स्वतः सांगावं. त्यात चूक काही नव्हतं, सावंतवाडीतही लोक हेच म्हणाले असते. सभेत सांगून झालं की संमती कागदावर, शाईने सही करून टपालाने पाठवायची. शरीरातल्या वस्तूंसाठी तसा नियम होता.

मी कॉलेजच्या संमेलनात आभार मानायलासुद्धा कधी उभा राहिलो नव्हतो. आता माझं नाव घेऊन, दारोदार, माझ्या घामाचा वास! बाजारात निघालो की दर दहा पावलांवर मीच टांगलेला. मासेवाल्याला माहीत, शिंप्याला माहीत. मी नकाराचं पत्र लिहायला बसलो, ते लिहवेना. होकाराचं तर नाहीच. खोलीत येरझाऱ्या घालायचो, कपाटातली पुस्तकं काढून पुन्हा लावायचो. केतकीने विचारलं, "झोप लागत नाही का?" मी म्हणालो, "उकडतंय."

बीबींना मात्र आता माझ्या दाराशी बसू देता येईना. ते का, हे सांगायचं तर पत्राचं सांगावं लागणार. मी सोपं काहीतरी केलं. पाच वाजता दार लावू लागलो.

"होडी!"

मी उत्तर दिलं नाही. दिव्यासमोर श्वास रोखून बसलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरच्या दिवशी पायरीवर पट ठेवल्याचा आवाज आला. मग खळग्यांत बिया पडल्याचा. त्या एकट्याच दोन्ही बाजूंनी खेळत होत्या. मध्येच घोट्यावर चापट. मी दाराच्या आत दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कडीला हात लावला आणि काढला. त्या उठून गेल्या तेव्हा बाहेर पुरता अंधार झाला होता. आठवडाभर असं चाललं. लेप लावलेला मी दाराआड सुरक्षित आणि त्या बाहेर पायरीवर, भर दिवेलागणीला. याहून मूर्ख बंदोबस्त कुणी केला नसेल.

मग एक दिवस हाक आली नाही.

केतकी दोन दिवसांनी घाईने घरी आली. "बीबींना ताप आहे, बाबा. डॉक्टर म्हणतात डेंग्यू. त्यांना पूर्वी एकदा झालेला आहे. चला."

दवाखान्यात पोचलो तेव्हा ताप उतरत होता. आम्हाला बरं वाटलं, तिथल्या डॉक्टरांना वाटलं नाही. त्यांनी सांगितलं की या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. बीबींच्या पोटात दुखत होतं, हिरड्यांतून रक्त येत होतं. पुढचे दोन दिवस काय ते ठरेल.

मच्छरदाणीच्या आत त्या फार लहान दिसत होत्या.

"बाबू," त्या म्हणाल्या. "दार का लावलंस?"

मी सगळं सांगितलं. लेप, नळी, पत्र. माझं इंग्रजी अशा वेळी मोडतं, तरी सांगितलं.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुझ्या देवीची वेळ आणि मी मुसलमान बाई. कुणीतरी तुला काहीतरी सांगितलं असणार. पायरीवर बसून मी आठवत होते, माझं काय चुकलं, तुझ्या दिव्याला माझा हात लागला का."

"नाही, बीबी. नाही हो!"

"मला कसं कळणार? तू बोलतोस कुठे?"

जाळीतून त्यांचा हात दिसत होता, सुई टोचलेला.

"डास कुणाला चावतात ते मला ठाऊक होतं. डोळे आहेत मला. मी रोज येत होते, कारण मला यायचं होतं. तू मला विचारायला हवं होतंस. मी लांब बसले असते, मोजे घातले असते, तुला शिव्या दिल्या असत्या. ते मी ठरवलं असतं." त्यांना धाप लागली. "त्या डॉक्टरणीला काय उत्तर दिलंस?"

"दिलं नाही."

"का?"

"लाज वाटते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू फुटलं तसं पोट धरलं. "अल्ला! माझ्या तोंडातून रक्त येतंय आणि याला वासाची लाज! जा इथून. हसवू नकोस. जा."

मी गेलो तो डास-केंद्रात. का गेलो ते मलाच नक्की माहीत नव्हतं. डॉ. मुशींनी पत्राचा विषय काढला नाही. मी विचारलं, "मला तो वास घेता येईल?"

त्यांनी एक नळी आणली, त्यात ओल्या कापडाची घडी होती. झाकण काढून मी हुंगलं. घाण नव्हता, चांगलाही नव्हता. सावंतवाडीच्या आमच्या खोलीतल्या गादीचा होता, दुपारी ती उन्हात टाकायच्या आधीचा. लेप लावल्यापासून माझ्या उशीला कसलाच वास येत नव्हता आणि तेही मला आत्ता कळलं. मी झाकण लावलं.

"सभा कधी आहे?" मी विचारलं.

"शनिवारी."

शुक्रवारी बीबींच्या हिरड्यांतलं रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, अशक्तपणा महिनाभर राहील.

शनिवारी शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाखाली सभा भरली. केतकी पहिल्या रांगेत बसली होती. डॉ. मुशींनी डबा दाखवला आणि माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो. पाठ केलेली स्वाहिली वाक्यं सगळी उडाली, मोडकीतोडकी तेवढी उरली.

"माझं नाव हेमंत तिरोडकर," मी म्हणालो. "वास माझा आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. मागच्या बाजूने एक दांडगा कोळी उभा राहिला. "बाबू, घाण येते का त्याला? माझं दार स्वयंपाकघराला लागून आहे."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "बायको तीस वर्षं काही बोलली नव्हती."

पटांगण हसलं. मला आधी कळेना, मग कळलं की ते माझ्या बोलण्यावर हसताहेत. मी बसायला हवं होतं, पण बसलो नाही.

"बीबी झुहुरा माझ्या दाराशी आजारी पडल्या," मी म्हणालो. "मला चावायचे ते डास त्यांना चावले. मला सांगता येत होतं, मी सांगितलं नाही. आता हा वास तुमच्या दाराशी असला तर डास डब्यात जातील. पण कुंड्यांखालचं पाणी ओतायचंच. जाळ्या लावायच्याच. मी ते सोडलं होतं." एवढं बोलून बसलो. लोकांनी हात वर केले. केतकीने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते. ते तिला माझ्याकडून आले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "ती दाराची जाळी बसवून घे."

"आणि लक्ष्मी?"

"तू म्हणाली होतीस ना, येते म्हणून."

पत्राचं उत्तर लिहायला त्यानंतरही तीन आठवडे लागले. सभा झाली होती, आता अडायचं कारण नव्हतं. पण एक ओळ राहिली होती आणि ती बीबी हिंडूफिरू लागल्याशिवाय लिहिता येत नव्हती. इथे टपाल घरी येत नाही आणि घरून जातही नाही. सगळं टपाल कचेरीत. त्या दिवशी मी समोरच्या घराशी जाऊन पहिल्यांदाच स्वतः हाक मारली, "होडी."

आतून उत्तर यायला बराच वेळ लागला. मुद्दाम लावला, मला कळलं.

"करिबू," त्या म्हणाल्या.

आम्ही सावकाश चालत गेलो. त्यांच्या हातात काठी होती आणि खांद्याला पटाची पिशवी. वाटेत त्या दोनदा ओट्यांवर बसल्या. टपाल कचेरीबाहेरच्या बाकावर मी त्यांना पत्र दिलं. त्यांनी शिक्षिकेसारखं, बोट फिरवत वाचलं.

मी लिहिलं होतं, माझी परवानगी आहे. माझं नाव सांगायला हरकत नाही. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. पहिला डबा बीबी झुहुरा यांच्या दाराशी लावावा, त्यांची परवानगी असेल तर.

"ही माझी परवानगी कशाला घातलीस?"

"विचारायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाला होतात. विचारतोय."

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "म्हणजे तू रोज संध्याकाळी माझ्या दाराशी असणार."

"हो."

"आणि एक शब्द बोलणार नाहीस."

"डबा बोलत नाही, बीबी."

"म्हणजे नेहमीसारखंच." त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "तो डबा तिथे राहील. तू मात्र जाळीच्या आत बसून तोंडाने बोलायचं. कबूल असेल तर टाक."

मी उठलो. पेटीचं झाकण गंजून घट्ट झालं होतं, दोन्ही हातांनी उचलावं लागलं. पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तसाच उभा राहिलो.

"पडलं?" मागून बीबींनी विचारलं.

"पडलं."

"मग चल," पटाची पिशवी माझ्याकडे देत त्या म्हणाल्या. "दिवा लावायच्या आत पोचायला हवं."